असाधारणत्वाचा पुरावा

अमेरिकेच्या काँग्रेसने १८८५ साली एक कायदा केला. परदेशांतून करार करून मजूर आणण्यावर त्याने बंदी घातली. त्या बंदीला काही अपवाद होते. नट, कलावंत, व्याख्याते आणि गायक यांना मोकळीक होती आणि त्यांच्याच पंक्तीला घरगुती नोकरचाकर बसवलेले होते. कायदा लिहिणाऱ्यांना ह्यात काही गमतीचे वाटले नसावे. ज्यांच्या येण्याने देशी कामगाराच्या पोटावर पाय येत नाही असे लोक, एवढीच ती वर्गवारी. येणारा गायक सुरात गातो की बेसूर, ह्याची चौकशी करण्याचे बंदरावरच्या अधिकाऱ्याला काही कारण नव्हते. तो गायक आहे, एवढे पुरे होते.

त्याच देशाच्या १९९० च्या कायद्यात कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी 'असाधारण क्षमता' असा एक वर्ग आहे. विज्ञान, कला, शिक्षण, उद्योग वा क्रीडा ह्यांपैकी एका क्षेत्रात ती क्षमता असली पाहिजे आणि 'सातत्याने लाभलेल्या राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय कीर्ती'ने ती सिद्ध झाली पाहिजे. नियमावली आणखी पुढे जाते: क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोहोचलेल्या मोजक्यांपैकी आपण एक आहोत, हे अर्जदाराने दाखवायचे असते. इथे मालकाची गरज नाही; माणूस स्वतःच स्वतःसाठी अर्ज करू शकतो. कित्येकदा शेकडो पानांचा असा हा दस्तऐवज म्हणजे आत्मचरित्र, समीक्षासंग्रह आणि गौरवग्रंथ यांचे एक विलक्षण मिश्रण असते. 'तू काय करतोस' ह्या प्रश्नाची जागा 'तुझ्याविषयी लोक काय म्हणतात' ह्या प्रश्नाने कशी घेतली, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकांना परके वाटू नये. कृती आणि कीर्ती यांचे नाते हा आपलाही जुनाच विषय आहे.

व्यवसायाचे नुसते नाव पुरेसे असण्याचा काळ बराच टिकला. १९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भाग 'निषिद्ध प्रदेश' म्हणून आखला आणि हिंदुस्थानी माणसाला दार बंद केले. परंतु त्याही कायद्यात धर्मोपदेशक, वकील, वैद्य, शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथकार, कलावंत आणि हौसेने फिरणारे प्रवासी यांना वगळले होते. कायद्यानंतर वर्षभराने, १९१८ मध्ये, धर्मानंद कोसंबी 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी पुन्हा हार्वर्डला गेले. बरोबर मुलगा दामोदर होता. गोव्यातल्या साखवाळचा, रीतसर विद्यापीठीय पदवी नसलेला हा पाली पंडित. शिक्षक, ग्रंथकार हे साधे शब्द कायद्यात होते म्हणून अशा प्रवासाला फट उरली होती. त्या शब्दांपुढे विशेषणे नव्हती, हे लक्षात घ्यावे.

विशेषणांची गरज कशी उत्पन्न होते, ह्याचा एक नमुना माणसांच्या नव्हे तर वस्तूंच्या बाबतीत, जकातीच्या नाक्यावर घडला. ब्रांकुशीचे 'अवकाशातील पक्षी' हे शिल्प १९२६ मध्ये न्यू यॉर्कला आले. ना चोच, ना पंख असा तो ब्राँझचा आकार पाहून अधिकाऱ्यांनी ही कलाकृती नव्हे असे ठरवले आणि धातूच्या मालावरचा ४० टक्के कर लावला. खटला झाला. न्यायालयाला सौंदर्यशास्त्र अवगत नव्हते, म्हणून त्याने साक्षीदारांचे ऐकले: शिल्पकार, समीक्षक, संग्रहालयाचे संचालक. १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. वस्तूत कला आहे का, हे न्यायाधीशाला दिसत नव्हते; जाणकार तिला कला म्हणतात का, हे मात्र त्याला ऐकू येत होते. पुढे माणसांच्या बाबतीतही हीच रीत पडणार होती.

१९२४ च्या कायद्याने देशोदेशींचे कोटे ठरवले. त्यांतून धर्मोपदेशक आणि महाविद्यालयीन प्राध्यापक यांना वगळले होते, पण एक अट होती: अर्जाच्या आधीची सलग दोन वर्षे त्याने तो व्यवसाय केलेला असावा. अट निरुपद्रवी दिसते. परंतु ७ एप्रिल १९३३ ला जर्मनीत सरकारी सेवकांविषयीचा कायदा आला आणि ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढून टाकणे सुरू झाले. ज्याला पळून जाण्याची सर्वांत अधिक निकड, त्याचीच सलग दोन वर्षे खंडित झालेली. नाझींनी नोकरी घेतली आणि अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने त्या नोकरीबरोबर त्याचे प्राध्यापकपणही गेले. कायद्याच्या एका निरागस शब्दाने किती माणसे अडकू शकतात, ह्याचे ह्याहून कठोर उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये विस्थापित परदेशी विद्वानांच्या मदतीसाठी एक समिती स्थापन झाली. तिच्याकडे सुमारे ६,००० जणांच्या विनंत्या आल्या. प्रत्यक्ष मदत मिळाली ती ३३५ जणांना. समितीचे लोक दुष्ट नव्हते, पैसा आणि जागा थोड्या होत्या. तेव्हा निवड करणे आले, आणि निवड करायची तर निकष आले. जगन्मान्य असावा, फार म्हातारा वा फार तरुण नसावा, राजकारणाने फार डावा नसावा, अमेरिकेत त्याला ओळखणारी माणसे असावीत. विदुषींची गत अधिकच कठीण झाली. लॉरेल लेफ यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात ह्या निवडीचा इतिहास मांडला आहे, आणि तो वाचताना शिफारसपत्र ह्या वाङ्मयप्रकाराविषयीचा आपला निष्पाप भाव टिकत नाही. 'चांगला, पण पहिल्या दर्जाचा नव्हे' अशा धर्तीचे एखादे प्रामाणिक वाक्य! एरवी ते परीक्षणात शोभले असते.

१९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ही निवड उघडउघड कीर्तीच्या आधारे होऊ लागली. त्या जूनमध्ये न्यू यॉर्कमध्ये आपत्कालीन बचाव समिती उभी राहिली आणि ऑगस्टमध्ये व्हेरियन फ्राय हा तरुण संपादक सुमारे २०० नावांची यादी आणि ३,००० डॉलर घेऊन मार्सेला पोहोचला. नावे सुचवणाऱ्यांत जर्मन लेखकांपुरता टॉमस मान होता, चित्रकारांपुरता आधुनिक कला संग्रहालयाचा आल्फ्रेड बार. बारची पत्नी मार्गारेट हिने ह्या कामाचा पत्रव्यवहार सांभाळला. प्रत्येक चित्रकारासाठी जीवनपरिचय हवा, हमीपत्रे हवीत, त्याच्या योग्यतेची ग्वाही देणारी पत्रे हवीत. आज वकील जो दस्तऐवज बांधतात त्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की तेव्हा अर्ज नामंजूर होण्याचा अर्थ वेगळा होता. शागाल, माक्स अर्न्स्ट, हाइनरिश मान, वेर्फेल, फॉइश्टवांगर ह्या वाटेने वाचले. फ्रायने यादीबाहेरच्या अनेकांनाही मदत केली. त्याच्या कार्यालयामुळे सुटका झालेल्यांचा आकडा सुमारे २,००० सांगितला जातो. यादी त्याने पाळली नाही, हेच त्याचे मोठेपण.

वॉल्टर बेन्यामिनचे प्रकरण इथे थांबून पाहण्यासारखे आहे. फ्रँकफुर्ट विद्यापीठाने १९२५ मध्ये त्याचा प्रबंध स्वीकारला नव्हता. प्राध्यापकी त्याला कधी मिळालीच नाही, त्यामुळे प्राध्यापकांसाठीची वाट बंद. १९४० मध्ये त्याची कीर्ती केवढी? परीक्षणे, नभोवाणीवरची भाषणे, काही पुस्तके, बरेचसे अप्रकाशित लेखन आणि मोजके, पण फार चांगले वाचक. त्या वाचकांपैकी होर्कहायमर न्यू यॉर्कमध्ये होता आणि त्याच्या खटपटीने बेन्यामिनला अमेरिकेचा व्हिसा मिळालाही. फ्रान्सबाहेर पडण्याचा परवाना तेवढा मिळाला नाही. २६ सप्टेंबर १९४० ला पोर्टबू येथे त्याने जीवन संपवले. आडोर्नोने संपादित केलेले त्याचे लेखन १९५५ मध्ये दोन खंडांत निघाले आणि आज साहित्याच्या विद्यार्थ्याला ज्याच्यावाचून पान हलवता येत नाही असा बेन्यामिन त्यानंतरचा आहे. म्हणजे 'सातत्याने लाभलेली कीर्ती' ह्या कसोटीचा पुरावा तयार व्हायला पंधराएक वर्षे लागली, आणि तोही अर्जदाराच्या पश्चात. दोन-चार जाणत्या वाचकांचा शब्द त्या वेळी चालला. पुढच्या कायद्यात तो चालला असता की नाही, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

१९५२ च्या कायद्याने उच्च शिक्षण वा विशेष क्षमता असलेल्यांना कोट्याच्या आतच प्राधान्य दिले, १९६५ च्या कायद्याने देशवार कोटे मोडीत काढून विज्ञान व कला यांत 'अपवादात्मक क्षमता' असलेल्यांचा समावेश तिसऱ्या प्राधान्यवर्गात केला. हिंदुस्थानी डॉक्टर-इंजिनिअरांची पहिली मोठी लाट ह्याच कायद्याने तिकडे गेली, ती कथा पुष्कळांनी सांगितली आहे. आमच्या विषयाला अधिक उपयोगी पडतो तो एक इंग्रज गवई.

जॉन लेनन आणि योको ओनो यांच्याविरुद्ध १९७२ च्या मार्चमध्ये हद्दपारीची कारवाई सुरू झाली. वरकरणी कारण लेननला १९६८ मध्ये लंडनला गांजाच्या प्रकरणी झालेली शिक्षा. खरे कारण त्या निवडणुकीच्या वर्षी त्याच्या युद्धविरोधाची निक्सनच्या माणसांना वाटणारी धास्ती. वकील लिऑन वाइल्ड्स यांनी तिसऱ्या वर्गाखाली दोघांचे अर्ज दाखल केले. खात्याने ते नुसते दाबून ठेवले, तेव्हा वाइल्ड्स न्यायालयात गेले आणि त्या मे महिन्यात अर्ज मंजूर झाले. परिणाम असा, की एकाच खात्याच्या एका कागदावर लेननची उपस्थिती देशाच्या सांस्कृतिक हिताची ठरली आणि दुसऱ्या कागदावर तो घालवून देण्याच्या लायकीचा. त्याच्या बाजूने पत्रे लिहिणाऱ्यांत बॉब डिलन, जोन बाएझ, लेनर्ड बर्नस्टाइन होते आणि जॉन अपडाइक, जोसेफ हेलर, जॉइस कॅरल ओट्स हे कादंबरीकारही. इतक्या थोर मंडळींनी 'हा थोर आहे' असे लिहून द्यावे आणि ज्याच्याविषयी लिहायचे तो लेनन असावा! पुराव्याची इतकी अनावश्यक रास क्वचितच रचली गेली असेल. आणि गंमत अशी की खटला शेवटी त्या पत्रांवर सुटला नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले, की ज्या इंग्रजी कायद्याने आरोपीला अंमली पदार्थाची जाणीव होती की नव्हती हे पाहिलेच नाही, त्याखालची शिक्षा हद्दपारीला पुरेशी नाही. २७ जुलै १९७६ रोजी त्याला ग्रीन कार्ड मिळाले. क्षमता निर्विवाद होती. अडले आणि सुटले ते तांत्रिक कलमावर.

१९९० च्या कायद्याने रोजगाराधारित व्हिसांची वार्षिक संख्या १,४०,००० केली आणि असाधारण क्षमतेला पहिल्या प्राधान्यवर्गात आणले. प्रश्न उरला तो मोजण्याचा. ऑस्कर, पुलित्झर, ऑलिंपिक पदक अशा तोलाचा एक जगन्मान्य पुरस्कार असला तर काम भागते. नसला तर १९९१ च्या नियमांनी दिलेल्या दहा प्रकारच्या पुराव्यांपैकी किमान तीन हवेत: कमी तोलाचे पुरस्कार, निवडक संस्थांचे सदस्यत्व, आपल्याविषयी छापून आलेला मजकूर, इतरांच्या कामाचे परीक्षण, मौलिक योगदान, विद्वत्तापूर्ण लेख, प्रदर्शने, नामांकित संस्थेतील महत्त्वाची भूमिका, मोठा पगार, गल्ला. ही यादी नीट वाचली तर ध्यानात येते की एक-दोन सोडता सारे पुरावे दुसऱ्या कोणाच्या तरी हातचे आहेत. कोणी पुरस्कार द्यावा, कोणी लिहावे, कोणी बोलवावे, कोणी पैसे मोजावेत.

क्षेत्र म्हणजे काय हेही सरळ नव्हते. हिमहॉकीत 'दांडगाई करणारा' म्हणून एक खेळाडू असतो. प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या मोहऱ्यांना इजा करू नये म्हणून वेळप्रसंगी मारामारी करणे हे त्याचे काम. स्टू ग्रिमसन ह्या अशाच खेळाडूचा अर्ज खात्याने फेटाळला. १९९६ मध्ये शिकागोच्या न्यायालयाने सांगितले, की ही भूमिका खेळात खरोखरीच असते, आणि तिच्यात हा माणूस जगातल्या अगदी वरच्या मोजक्यांत आहे. ठोसे मारण्यातली असाधारणता मान्य झाली. आम्हाला त्यात खोट दिसत नाही. उलट समीक्षकांनी शिकावे असे त्या निकालात काही आहे. कृतीचे मोल तिच्या स्वतःच्या प्रकारात ठरवावे, हे आपण प्रकारचर्चेत किती वेळा विसरतो!

कझारियन खटल्याचा सूर मात्र निराळा. येरेवानहून आलेला एक सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या एका सामुदायिक महाविद्यालयात बिनपगारी शिकवत होता. त्याने २००३ च्या अखेरीस अर्ज केला. त्याच्या पाठीशी किप थॉर्न यांच्यासारख्यांची पत्रे होती. थॉर्न यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळाले. त्याने स्वतः छापलेले पाठ्यपुस्तक होते, निबंध होते, येरेवान विद्यापीठातल्या पदविका-प्रबंधांचे परीक्षण होते. खात्याने म्हटले, निबंधांची संशोधकवर्गाने दखल घेतल्याचे दिसत नाही, तेव्हा ते 'विद्वत्तापूर्ण लेख' ह्या कलमात बसत नाहीत. आणि परीक्षण आपल्याच विद्यापीठात केलेले असल्याने तेही धरता येत नाही. अपील न्यायालयाने ४ मार्च २०१० च्या सुधारित निकालात खात्याचे कान उपटले: नियमात नसलेल्या अटी तुम्ही मनाने घालू शकत नाही; लेख म्हणजे लेख आणि परीक्षण म्हणजे परीक्षण. दोन्ही निकष त्याने पुरे केले असे मान्य झाले. पण हवे होते तीन. तो हरला.

तत्त्व जिंकले आणि माणूस हरला, एवढ्यावर हे संपत नाही. निकालात न्यायालयाने असेही सुचवले होते, की लेखांची दखल किती घेतली गेली हा प्रश्न मोजणीत नव्हे, पण अंतिम मूल्यमापनात विचारता येईल. खात्याने ते धरले आणि डिसेंबर २०१० च्या आदेशाने परीक्षेच्या दोन पायऱ्या केल्या: आधी निकष मोजायचे, मग सगळे एकत्र पाहून हा खरोखरच शिखरावरचा आहे काय हे ठरवायचे. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने आत येऊन बसला. आणि ही दुसरी पायरी म्हणजे शुद्ध समीक्षा. एक अधिकारी, ज्याचे त्या क्षेत्राशी काही नाते असेलच असे नाही, एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामावर मत देतो. त्याच्यासमोर काम नसते. कामाविषयीचे कागद असतात.

ह्या कागदांच्या भाषेशी आमचाही थोडा संबंध आला आहे. आमच्यापैकी एकाकडे मराठी रंगभूमीवरच्या एका कलावंताची परीक्षणे इंग्रजीत करण्याचे काम आले होते. परभाषेतला प्रत्येक कागद संपूर्ण भाषांतरासह द्यावा लागतो, आणि भाषांतर अचूक असून आपण ते करण्यास समर्थ आहोत असे भाषांतरकाराने लिहून द्यावे लागते. अचूकपणा हीच पंचाईत झाली. 'ह्या प्रयोगाची दखल घ्यावी लागेल' हे आपल्या समीक्षेतले वजनदार वाक्य. लिहिणारा सहसा कोणाला एवढेही देत नाही. इंग्रजीत ते अचूक उतरवले की हातात येते ती एक कोमट नोंद. अमेरिकी शिफारसपत्रांत ज्याला त्याला 'आपल्या पिढीतला अग्रगण्य' म्हटलेले असते, त्यांच्या शेजारी ही नोंद ठेवायची. वाढवून लिहावे तर प्रमाणपत्र खोटे, न वाढवावे तर परीक्षण खोटे ठरते. शिवाय मजकूर कुठे छापला हे पाहिले जाते: व्यावसायिक नियतकालिक वा मोठे माध्यम हवे, त्याचा खप सांगावा. मराठीतली निम्मी महत्त्वाची समीक्षा ज्या अंकांत आली, त्यांचे खप सांगण्यापेक्षा न सांगणे बरे. साठोत्तरी लघुनियतकालिके हातोहात वाटली गेली. त्यांतून काय उभे राहिले हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे, पण खपाच्या रकान्यात ते लिहिता येत नाही.

आणि समजा, हे सारे पार पडले. अधिकाऱ्याने मान्य केले की ही व्यक्ती मोजक्यांपैकी एक आहे. तरी एका देशात जन्मलेल्यांना एकूण व्हिसांच्या ७ टक्क्यांहून अधिक सहसा मिळत नाहीत, असा नियम आहे. त्यामुळे अलीकडच्या काही वर्षांत भारतात जन्मलेल्यांना ह्या पहिल्या वर्गातही मंजुरीनंतर रांगेत थांबावे लागले. क्षमता एकट्याची तपासली जाते. रांग मात्र जन्मस्थळाची.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी 'गोल्ड कार्ड'चा आदेश काढला. व्यक्तीने सरकारला १० लाख डॉलर, किंवा तिच्या वतीने कंपनीने २० लाख डॉलर देणगी दिली, तर ती देणगी पात्रतेचा पुरावा म्हणून धरावी असे त्यात सांगितले आहे. ज्या वर्गांसाठी ती धरायची त्यांत 'असाधारण क्षमते'चा वर्गही आहे. अशा अर्जाला अपडाइक वा थॉर्न यांच्या पत्राची तशी गरज पडू नये. देणगीच्या पावतीचे भाषांतरही करावे लागणार नाही.